दोन फाइली आणि एक जून

लग्नाकार्यात नवी ओळख निघाली की बायका विचारतात, तुम्ही कुठं असता? धाराशिवला, असं सांगितलं की पुढचा प्रश्न, नोकरी कसली होती? मी खरं तेच सांगते. दोन फाइलींमधला फरक शोधत होते. मग समोरची बाई "म्हणजे शिक्षिका का?" असं विचारून मोकळी होते. माझ्या सासूबाईंना मात्र माझ्या कामाबद्दल कधी शंका नव्हती. "ती घरात जे करती तेच हापिसात करती," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या आणि माझ्या आईच्या आमटीत काय फरक आहे हे मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. ते त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

आमची कचेरी धाराशिवात बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर होती. जुनी दप्तरं संगणकात घालून द्यायचं काम आमचे मालक घ्यायचे. ग्रामपंचायतींची रजिस्टरं, वाचनालयांच्या पुस्तकयाद्या, शाळांची जनरल रजिस्टरं, असलं सगळं. मी मूळची टायपिस्ट. संगणक आला तेव्हा मी चाळिशीला टेकले होते आणि तो माऊस हातात धरून पडद्यावर बाण नाचवणं मला कधीच जमलं नाही. बाण एकीकडे, मी दुसरीकडे. त्यामुळं काळ्या पडद्यावर नुसती आज्ञा टाइप करून काम होतं हे कळलं तेव्हा मला माहेरी आल्यासारखं झालं. यंत्रं बसवायला हैदराबादहून आलेल्या माणसानं मला पाचसहा आज्ञा एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिल्या आणि तो निघून गेला. त्यातल्या एकीवर माझी पुढची सगळी नोकरी झाली. तिचं नाव डिफ.

काम काय ते सांगते. एकच रजिस्टर दोन माणसांनी वेगवेगळं टाइप करायचं. एका माणसाची एक ओळ: क्रमांक, नाव, गाव, जन्मतारीख. दोघांच्या दोन साध्या फाइली तयार झाल्या की मी काळ्या पडद्यावर डिफ लिहायची, पुढं पहिल्या फाइलीचं नाव, पुढं दुसरीचं, की दाबलं एंटर. जिथं दोन्ही फाइली सारख्या आहेत तिथं डिफ गप्प. जिथं फरक आहे तेवढ्याच ओळी तो दाखवतो, एकीखाली एक, आणि कोणती ओळ कोणत्या फाइलीतली हे कळावं म्हणून पुढं एक एक खूण. मग मी मूळ रजिस्टर उघडायची, खरं कोण ते बघायची आणि चुकणाऱ्याला हाक मारायची. दोन माणसं चुकतात, पण एकाच जागी, एकसारखी चुकत नाहीत, या एका भरवशावर आमचा सगळा धंदा उभा होता.

आमचे टाइप करणारे दोघं, बेंबळीचा बालाजी आणि नळदुर्गची सुवर्णा. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायचे. रजिस्टरातलं अक्षर लागलं नाही तर एकमेकांना विचारायचं नाही, असा माझा नियम होता. विचारलं की दोघांची चूक एक होणार आणि डिफ गप्प बसणार. बाकी गप्पा माराव्यात, पण कामाचं बोलायचं नाही. दुसऱ्या कुठल्या हापिसात असला नियम ऐकला नसेल तुम्ही. बालाजीचा चहा पिऊन आल्यावर एखादी ओळ गाळायचा स्वभाव, सुवर्णाचा आकडे उलटे करायचा, एकोणसाठचे पंचाण्णव. त्यांच्या आयांना माहीत नसतील इतके त्यांचे दोष मला माहीत होते.

सुरुवातीला माझी फजितीही झाली. पहिल्याच मोठ्या रजिस्टराला मी डिफ लावला आणि पडदा धो धो वाहायला लागला. प्रत्येक ओळ वेगळी. दोन्ही फाइली मी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, तर अक्षरन्‌अक्षर सारखं. बालाजी म्हणाला यंत्राला उष्णता लागली असणार. सुवर्णा म्हणाली देवीला नारळ फोडू. दुपारपर्यंत मी डोळे फोडून घेतले, आणि मग कळलं की बालाजीचं यंत्र दुसऱ्या जातीचं. ते प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण टाकतं, सुवर्णाचं टाकत नाही. माणसाला ती दिसत नाही, डिफला दिसते. ती खूण काढून टाकणारीही एक आज्ञा असते. ती लावली आणि हजारभर फरकांचे सतरा उरले. नारळ मात्र सुवर्णानं फोडलाच.

हळूहळू गल्लीत माझं नाव पडलं, फरक मॅडम. मग लोक खाजगी कामंही घेऊन यायला लागले. त्यातले एक गृहस्थ तर माझ्या चांगलेच लक्षात आहेत. नळदुर्गजवळ हमरस्त्यावर त्यांचा ढाबा. भाचीचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेचा मजकूर दोन्ही घरांनी बसून ठरवला, छपाईवाल्याकडं दिला, आणि छपाईवाल्यानं पाठवलेला मजकूर यांना काही पटेना. काहीतरी बदललंय एवढंच त्यांना वाटत होतं. निमंत्रक, आपले विनम्र, समस्त मित्रपरिवार, असं धरून दीडशेच्या वर नावं. तीन दिवस बोटानं लावून बघितलं म्हणे.

"मॅडम, डोळे गेले बघा. छपाईवाले म्हणतेत काईच बदललं न्हाय. आन्‌ मला रात्रंदिस खटकतंय."

दोन्ही मजकूर त्यांच्या मोबाइलमध्ये होते. मी ते उतरवून घेतले, एका ओळीवर एक नाव केलं आणि डिफ लावला. पडद्यावर दोनच ठिकाणं आली. एक ओळ तिसऱ्या जागेवरून गेलेली आणि तीच ओळ एकतिसाव्या जागी आलेली. ती ओळ म्हणजे हे गृहस्थ स्वतः, नवरीचे सख्खे मामा. कोणी केलं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, डिफ तेवढं सांगत नाही. इथून गेलं, तिथं आलं, एवढंच सांगतो. का आणि कोणी हे त्याच्या कामात येत नाही. त्यावर ते म्हणाले की ते काम त्यांचं ते बघतील. पत्रिका मला घरी आली तेव्हा मामा तिसऱ्या जागी होते. लग्नाला मी गेले. पंगतीत दोन घरच्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण जेवण उत्तम होतं.

आता खरं सांगायचं ते सांगते. ते सांगताना अजूनही कानशिलं गरम होतात.

शाळांच्या जनरल रजिस्टरांचं काम आम्हाला मिळालं. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या शाळेचं रजिस्टर उघडा आणि जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली न्या. एक जून, एक जून, एक जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आई किंवा आजी पोराला घेऊन यायची, तारीख कुणाला माहीत नसायची, आणि गुरुजी अंदाजानं साल धरून पुढं एक जून लिहून टाकायचे. माझीही एक जून, माझ्या नवऱ्याचीही एक जून, आमच्या मालकांचीही तीच. बाहेरगावचे लोक या गोष्टीवर हसतात. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. शुभेच्छा द्यायला एकच दिवस लक्षात ठेवावा लागतो.

पण टाइप करणाऱ्याला हे एक जून लई छळतं. दर ओळीला तेच आठ फटके. मी टायपिस्ट, माझ्या हाताला हे सोसवेना. कीबोर्डवरचं एक बटण मी असं बांधून घेतलं की ते दाबलं की एक जून आणि पुढं एकोणीस एवढं आपोआप उमटावं. फक्त सालाचे शेवटचे दोन आकडे घालायचे. ही युक्ती मी आधी सुवर्णाला शिकवली, मग बालाजीला. वर सांगितलं, डोळा सालावर ठेवा, हात आपोआप चालतो. काम दीडपट वेगानं व्हायला लागलं. मालकांनी माझं कौतुक केलं आणि मी ते हसत हसत घेतलं. दोघांना एकमेकांशी बोलू न देणारी मी, दोघांच्या हातात एकच चूक स्वतः ठेवून बसले होते, हे मला सुचलंही नाही.

जळकोटकडच्या एका शाळेचं रजिस्टर असंच झालं. गावाचं नाव नको. डिफ लावला, फरक मिटवले, पुन्हा डिफ लावला, पडदा कोरा. मी नेहमीसारखं लिहून दिलं की दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या, फरक शिल्लक नाही. खाली माझी सही. ते प्रमाणपत्र शाळेच्या फाइलीत गेलं.

वर्षभरानं एक बाई आमचा जिना चढून आली. नसीमा शेख तिचं नाव. सदतीस वर्षांची, अंगानं दणकट, हाताला हळदीचे डाग. मुलींच्या एका सरकारी वसतिगृहात ती कितीतरी वर्षं रोजावर स्वयंपाक करत होती. आता तीच जागा कायम भरायची जाहिरात निघाली होती. शिक्षण सातवी चालणार होतं, अनुभव तिच्याइतका कुणाला नव्हता. अट एकच, की एक जुलैला वय अडतीसच्या आत पाहिजे. तिचा शाळेचा जुना दाखला कुठं गहाळ झाला होता. आधार कार्डावर एक जानेवारी होती, ती घालताना तिला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून ती शाळेत उतारा मागायला गेली, तर संगणकातून निघालेल्या उताऱ्यावर एक जून आलं. एक जून धरलं की तिचं वय एका महिन्यानं जास्त. अर्जाची मुदत आठ दिवसांवर.

तिनं उतारा माझ्यासमोर ठेवला आणि त्याला जोडलेल्या प्रमाणपत्रावर बोट ठेवलं.

"ही सही तुमची हाय ना, मॅडम?"

माझीच होती. ती म्हणाली की तिची तारीख आठ ऑगस्ट आहे, तिच्या अम्मीनं शाळेत सांगून लिहून घेतलेली. मी तिला जरा वरच्या पट्टीतच समजावलं. आमच्याकडं प्रत्येक नोंद दोघं वेगवेगळी टाइप करतात, मग यंत्र ताडून बघतं, दोघं एकाच ठिकाणी एकसारखं चुकणं शक्य नाही. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोघं मिळून चुकले असतील की," ती म्हणाली.

मी हसले. हसतच रजिस्टराच्या पानाचा फोटो उघडला. टाइप करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो आम्ही काढून ठेवत असू. त्या पानावर वरपासून खालपर्यंत एक जून. आणि मधे, बाराव्या ओळीत, गुरुजींच्या त्याच झरणीनं, त्याच वळणात, आठ ऑगस्ट शहाऐंशी. बालाजीची फाइल उघडली, एक जून. सुवर्णाची उघडली, एक जून. दोघांनी मी बांधून दिलेलं बटण दाबलं होतं आणि मी सांगितलं होतं तसा डोळा सालावर ठेवला होता. माझं हसू कुठं गेलं मला कळलं नाही. मी तिला चहा मागवला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

मला वाटलं, फोटो दाखवला की शाळा दुरुस्ती करून देईल. दुसऱ्या दिवशी मी आणि नसीमा बसनं जळकोटला उतरून पुढं गावात गेलो. शाळेचे हेडसर वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी कपाटातून मूळ रजिस्टर काढलं, पान उघडलं, आमच्या फोटोशी लावून बघितलं. मग म्हणाले की वय कमी करून घ्यायला त्यांच्याकडं रोज माणसं येतात. भरती निघाली की जास्तच येतात.

"सगळ्या पानावर एक जून, आन्‌ ह्या एकट्याच बाईचं आठ ऑगस्ट. हे मागाहून, तुमच्या फोटोच्या आदी, कुणी घातलं नसंल कशावरून? आन्‌ तुम्हीच तर लिहून दिलंय, मॅडम, फरक न्हाय म्हणून."

त्यांनी माझंच प्रमाणपत्र माझ्यापुढं धरलं. पानावरची एकुलती एक खरी तारीख, आणि बाकीच्या एकोणतीस अंदाजी तारखांमध्ये तीच खोटी दिसत होती. त्यात माझी सही तिच्या विरोधात साक्षीला उभी. परतीच्या बसमध्ये नसीमा खिडकीकडं तोंड करून बसली आणि मधेच म्हणाली की वसतिगृहातल्या मुलींना तिच्याच हातची आमटी लागते, नवी बाई आली तर पोरी दोन दिवस जेवणार नाहीत. तिला रडायला येत होतं आणि मला स्वतःचा संताप.

घरी जाऊन मी विचार केला. हेडसरांना पटवायचं तर चूक नसीमाची नाही, बटणाची आहे, हे दाखवायला हवं. बटण तिच्या एकटीच्या ओळीवर चुकून पडलं नसणार. त्या रजिस्टरात जिथं जिथं खरी तारीख असेल आणि दोघांनीही बटण दाबलं असेल, त्या सगळ्या जागा शोधायच्या. पण शोधायच्या कशा? डिफला ज्या दोन फाइली देणार त्या दोन्ही सारख्याच चुकलेल्या. मग तिसरी फाइल हवी, अशा हातानं केलेली की ज्याला एक जूनची सवय नाही.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, त्या बाईचं दुरुस्त करून द्या, बाकीच्यांनी कुठं तक्रार केलीय? तपासलेल्या कामात चूक निघाली हे बाहेर गेलं तर पुढचं काम मिळायचं नाही. मी म्हटलं, मग आजपर्यंतच्या सगळ्या प्रमाणपत्रांवरून माझी सही खोडून द्या. हे मी जरा मोठ्यानं म्हटलं असावं, कारण खालच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन थांबवलं. मालक पंख्याकडं बघत म्हणाले, करा, पण दोन दिवसांत.

एक जूनची सवय नसलेला हात धाराशिव जिल्ह्यात मिळणं कठीण. म्हणून आम्ही उलटं केलं. बटण काढून टाकलं. नावं झाकली. पानाच्या फोटोंवरून फक्त जन्मतारखेचा रकाना, शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपासून वर वर टाइप करायचा. खालून वर जाताना हाताला लय लागत नाही आणि डोळ्याला प्रत्येक आकडा बघावाच लागतो. सुवर्णानं हे काम मागून घेतलं. बालाजी म्हणाला, बटण काढलं तरी बोट तिकडंच जातंय, म्हणून तिला मदत करायला बसताना त्यानं त्या बटणावर चिकटपट्टी लावली. दोन दिवस कचेरीत कुणी गप्पाही मारल्या नाहीत.

फाइल तयार झाली ती उलटी, शेवटची ओळ पहिली. फाइल पुन्हा सुलटी करणारी एक आज्ञा आहे, ती दिली. जुन्या फाइलीतून नुसता तारखेचा रकाना कापून काढणारी एक आहे, ती दिली. मग डिफ. एंटर दाबताना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी मनातल्या मनात म्हणत होते की फरक निघू दे बाबा.

अकरा ओळी निघाल्या. अकरा जणांच्या खऱ्या तारखा आमच्या बटणानं पुसल्या होत्या. नसीमाची त्यातली एक. बाकीच्या दहांमध्ये नोकरीच्या भरतीत उतरेल असं कुणी नव्हतं. दोन आजोबा, एक सासरी कर्नाटकात गेलेली, एक मालमोटार चालवणारा, असे. मूळ रजिस्टर त्यांच्यासाठी कुणी कशाला खाडाखोड करून ठेवील?

यादी घेऊन आम्ही पुन्हा हेडसरांपुढं बसलो. सोबत माझं लेखी पत्र होतं. त्यात मी लिहिलं होतं की दोन्ही फाइली करणाऱ्यांना मीच एक सोय करून दिल्यामुळं दोघांची चूक एक झाली, सबब आधीचं प्रमाणपत्र मी मागं घेत आहे. हे वाक्य लिहायला मला आख्खी सकाळ लागली. हेडसर यादीवरून पेन्सिल फिरवत खाली आले आणि सातव्या नावाशी थांबले. ते त्यांच्याच शाळेच्या निवृत्त शिपायाचं होतं. तो या शाळेत शिकला आणि याच शाळेत नोकरीला लागला. त्याचं सेवापुस्तक हेडसरांनी स्वतः बंद केलं होतं.

"गणपतची तारीख तीस ऑक्टोबर. मी सोता निरोप दिलाय त्याला," ते म्हणाले. उठून त्यांनी रजिस्टरात गणपतचं पान काढलं. तीस ऑक्टोबर. संगणकाच्या यादीत एक जून. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि नसीमाला म्हणाले, "बस पोरी. उतारा लिहितो."

उतारा त्यांनी हातानं लिहिला, मूळ रजिस्टरावरून, शिक्का मारला, आणि अर्जाला अजून एक दिवस आहे का हे दोनदा विचारून घेतलं. होता. नसीमा त्याच दिवशी अर्ज देऊन आली.

राहिलेल्या दहा जणांना आम्ही शाळेमार्फत कळवलं. ते बटण वापरून आणखी चार शाळांची रजिस्टरं केली होती, ती सगळी खालून वर पुन्हा झाली. मालकांनी मला वर्षभर फरक मॅडम म्हणून हाक मारली नाही, नुसतं मॅडम. त्याआधीच्या वर्षांत, असलीच दुसरी एखादी सोय मी कुठं करून दिली होती का, हे मला आठवून आठवून सांगता येत नाही. कुठंतरी कुणीतरी आपली तारीख सांगत असेल आणि माझी सही त्याला खोटं पाडत असेल, असं मनात येतं. मग त्या दिवशी मी घरात कुणाच्याही आमटीला नावं ठेवत नाही.

निवड झाली तेव्हा नसीमा पेढे न आणता घरी केलेले गुलाबजाम घेऊन आली, भूमच्या खव्याचे. बरोबर तिची आई होती. सत्तरीची, बारीक, डोक्यावरून पदर, जिन्यावर तीन ठिकाणी थांबून वर आलेली. तिला लिहितावाचता येत नव्हतं. पोरीची तारीख यंत्रात कुठं आहे ते बघायचंय, एवढ्यासाठी ती आली होती. मी खुर्ची दिली आणि पडद्यावर ती ओळ काढून दाखवली. तिनं काचेवर बोट ठेवलं. हेच का, विचारलं. हेच, म्हटलं.

मग तिनं सांगितलं, तिच्या बोलीत. पोरीला नाव घालायला ती शाळेत गेली तर गुरुजी म्हणाले, एक जून लिहितो, सगळ्यांची तीच आहे.

"मैं बोली, गुरुजी, गावकी सब औरतां एकच दिन जनीं क्या?"

गुरुजी हसले, पण तारीख मागायला लागले. तारीख हिला कुठली ठाऊक? हिला एवढंच माहीत की बकरीद आठ-नऊ दिवसांवर होती आणि त्या दिवशी जुम्मा होता, घरातली माणसं नमाजाला गेली होती म्हणून दाईला बोलवायला हिच्या नणंदेला पळावं लागलं. तेवढ्यावर ती शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिली. शेवटी गुरुजींनी कपाटातून जुनं पंचांग काढलं, सहा वर्षं मागं जाऊन बोटानं मोजलं, आणि आठ ऑगस्ट लिहिलं.

डिफच्या शेजारी माझ्या त्या कागदावर आणखी एक आज्ञा होती. महिना आणि साल दिलं की त्या महिन्याचं पान पडद्यावर येतं. मला कधी तिची गरज पडली नव्हती. मी ऑगस्ट शहाऐंशी टाइप केलं. पान आलं. आठ तारीख शुक्रवारच्या खाली होती.

मी पुन्हा एकदा वार मोजून बघितले. मग पडदा तिच्याकडं वळवला आणि सांगितलं की चाची, यंत्रपण म्हणतंय, त्या दिवशी जुम्माच होता.

तिनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"इसकू आज मालूम हुआ क्या?" ती म्हणाली. "मेरेकू तो उसी दिनसे मालूम है."